जागे आहात का?

रात्री अकरा वाजता टीव्हीवर टाय सैल करत जो माणूस "जागे आहात का?" म्हणून विचारतो, तो खरं तर ते दुपारी चार वाजता विचारत असतो. बाहेर डोकं तापवणारं ऊन असतं, समोरचे प्रेक्षक जेवण अंगावर आल्याने जांभया देत असतात आणि त्याच्या पाठीमागच्या खिडकीत जो गोल चंद्र दिसतो तो प्लायवूडचा असतो. चंद्राच्या मागे झाडू आणि बादली ठेवतात. कार्यक्रमाची सगळी मंडळी संध्याकाळी घरी जाऊन, जेवूनखाऊन, अकराला ढाराढूर झोपलेली असतात. जागे आहात का म्हणे! विचारणाराच घोरत असतो.

यात कोणाचं काही बिघडत नाही, हे खरं. "आज रात्री", "आत्ता येता येता", "थोड्या वेळापूर्वीच" असं बिनदिक्कत ठोकून द्यायचं, हा त्या धंद्याचा रिवाजच आहे. तिथे त्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, वेळ सांभाळणं म्हणतात.

त्या माणसाला सगळं जग धाकटा म्हणून ओळखतं. साठी उलटली, केसांना काळा रंग आणि पोटाला आवळपट्टा लागायला लागला, तरी धाकटाच. कारण त्याच्या विनोदांत कायम एक दादा असतो. दादाचं चष्म्याचं दुकान आहे आणि दादा एक नंबरचा चिक्कू आहे, एवढंच काय ते भांडवल. त्यावर गड्याने वीसेक वर्षं कार्यक्रम रेटला.

"आमचा दादा इतका चिक्कू, इतका चिक्कू, की दुसऱ्याचे पैसे खर्च झाले तरी याच्या पोटात दुखतं. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, डॉक्टर, खालची ओळ दिसत नाही. दादा म्हणतो, अहो, मग वरच्या चारच वाचा की!" किंवा मग, "दादा घोरतोसुद्धा एका नाकपुडीने. दुसरी अजून कोरी ठेवलीय." लोक पोट धरधरून हसायचे. कितीतरी जणांना वाटायचं, असा दादा-बिदा कोणी नसणार, पोटापाण्यासाठी काढलेलं पात्र असेल.

दादा होता. चांगला हाडामांसाचा होता आणि चिक्कूही होता. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा दादा कॉलेजात होता आणि धाकटा दुसरीत. दादाने कॉलेजला रामराम ठोकला आणि काचा घासायला बसला. दोन वर्षांनी वहिनी आली. तिने धाकट्याच्या वेण्या तेवढ्या घातल्या नाहीत, बाकी सगळं केलं. गोवर झाला तेव्हा त्याच्या उशाशी बसून राहिली, नापास झाला तेव्हा दादापासून निकाल लपवला, आणि दादाला तो आदल्या दिवशीच कळलेला होता हे धाकट्यापासून लपवलं. असल्या घरात चिक्कूपणा कुठून आला आणि कोणाच्या वाट्याचा वाचवून कोणाच्या ताटात पडला, हे न कळण्याइतका धाकटा बावळट नव्हता. पण ते सांगून हशा मिळत नाही.

पहिल्यांदा स्टेजवर उभं राहायची संधी आली तेव्हा त्याच्या बुटांचा तळ सुटलेला होता. दादाने दारातच आपले बूट काढून दिले. "घाल. कागद कोंब पुढे, बसतील." धाकटा ते घालून गेला, लोकांना हसवून आला, आणि दादा पुढे वर्षभर चपला फटफटवत दुकानात गेला. टीव्हीवर आल्यावर पहिल्याच वर्षी धाकट्याने ही गोष्ट सांगितली. म्हणजे सांगितली ती अशी: "दादाने मला स्वतःचे बूट घालायला दिले. मी म्हटलं, काय हे प्रेम! तर म्हणतो कसा, प्रेम कसलं, तुझं वजन कमी, तळ कमी झिजेल." आणि एक बूट काढून, दिव्यापुढे धरून, एक डोळा मिटून, त्याचा तळ तपासायचा, काच तपासावी तसा. हसण्याने छप्पर उडायची पाळी आली होती. पुढे जिथे जाईल तिथे लोक ओरडायचे, "बूट! बूट!"

दादा यावर कधी काही बोलला नाही. रविवारी फोन करायचा तेव्हा म्हणायचा, "काल बघितलं तुला. बारीक झालायस. त्या निळ्या कोटात तर फारच." कधी म्हणायचा, "परवा डोळे लाल दिसत होते, झोप होत नाही का?" विनोद कसा झाला, कोणता आवडला, याबद्दल चकार शब्द नाही. धाकट्याला वाटायचं, स्वभावच आहे दादाचा, कौतुकातसुद्धा चिक्कू. आणि हेही त्याने एकदा टीव्हीवर सांगून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दादाची मुलगी, म्हणजे धाकट्याची पुतणी, कॉलेजात असताना पोरं तिला बघून एक नाकपुडी दाबून घोरायची. ती एकदा स्टुडिओत आली होती. मेकअपच्या आरशासमोर, त्याच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, "काका, बाबांवरचं बंद कर ना." काकाने तिची समजूत काढली, "अगं वेडे, दादाला आवडतं ते! रोज बघतो की नाही विचार." तिने विचारलं की नाही कोण जाणे. त्यानंतर ती काकाला "अहो-जाहो" करायला लागली.

तर त्या दिवशी दुपारी धाकटा मेकअपला बसलेला असताना वहिनीचा फोन आला. दादाला छातीत कळ आली म्हणून दोन दिवसांपूर्वी दवाखान्यात ठेवलं होतं. धाकट्याने फोनवरून चौकशी केली होती, फळांची करंडी पाठवली होती, मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून दिलं होतं. फक्त गेला नव्हता.

"येऊन जा रे," वहिनी म्हणाली. "सकाळपासून तुझंच चाललंय. धाकटा आला का, धाकटा आला का."

"रेकॉर्डिंग झालं की निघतोच, वहिनी. सहाला तिथे. कसा आहे?"

"डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. छातीला वायरी लावल्यात. त्या मशीनवर रेघ वर-खाली होत असते, तिच्याकडे बघत बसायचं, दुसरं काय! आत्ता नाही का येता येणार?"

आता खरं सांगायचं तर येता आलं असतं. दवाखाना काही सातासमुद्रापार नव्हता, आणि एक दिवस जुना भाग लावला तर कोणाचं आभाळ कोसळणार नव्हतं. पण दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे धाकटा घाबरला होता. दादाला त्याने आयुष्यात कधी आडवं पडलेलं बघितलं नव्हतं, आणि ते बघायची त्याची छाती होत नव्हती. आणि दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. वहिनीने "रेघ वर-खाली" म्हटलं तेव्हाच त्याला विनोद सुचला होता. ती बिचारी रडवेली होऊन बोलत होती आणि याच्या डोक्यात वाक्य जुळत होतं. ताजा, गरमागरम विनोद, तो थंड करायचा? जित्याची खोड, दुसरं काय म्हणणार!

"सहाला येतोच," म्हणून त्याने फोन ठेवला आणि मेकअपवाल्याला कागद मागितला.

चार वाजता तो चंद्रापुढे उभा राहिला. "जागे आहात का?"

"जागे!" लोक ओरडले.

"आत्ता, इथे यायच्या आधी, दवाखान्यात जाऊन दादाला भेटून आलो." प्रेक्षकांतून "अरेरे" असा आवाज निघाला, तेव्हा त्याने हात वर केले. "नाही, नाही, मस्त आहे! मला बघून उठून बसला. छातीला वायरी लावल्यात, मशीनवर हृदयाची रेघ वर-खाली, वर-खाली होतेय. दादाने नर्सला जवळ बोलावलं आणि म्हणाला, बाई, उगाच एवढे चढ-उतार कशाला? रेघ सरळ काढा, वीज कमी लागेल!"

एक क्षण लोक दचकले, आणि मग हशाचा असा काही लोंढा आला की धाकट्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. पुष्कळ वर्षांत असं हसले नव्हते. हल्ली हशा मागावा लागत असे, आज लोक ओंजळी भरभरून देत होते. मग काय, चेकाळलाच तो. बातम्यांवर बोलता बोलता म्हणाला, "सरळ रेघ!" पाहुणी आलेली नटी आपल्या डाएटबद्दल सांगायला लागली, तर हा म्हणाला, "सरळ रेघ!" शेवटी शेवटी तर तो नुसता हात आडवा फिरवायचा आणि सगळा हॉल एका सुरात ओरडायचा, "सरळ रेघ!"

विंगेत फ्लोअर मॅनेजर उभा होता. रेकॉर्डिंगच्या वेळा पाळायचं काम त्याचं, म्हणून त्याला सगळे काटा म्हणत. काट्याच्या हातात धाकट्याचा फोन होता आणि काट्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. धाकट्याला ते दिसलं, पण त्याला वाटलं, उशीर होतोय म्हणून असेल.

इथे त्या स्टुडिओतला एक नियम सांगायला हवा. दिवे लागले की बातमी बंद. चांगली असो, वाईट असो, रेकॉर्डिंग संपेपर्यंत कोणी धाकट्याला काही सांगायचं नाही. हा नियम धाकट्यानेच केला होता. फार वर्षांपूर्वी कोणीतरी मधेच येऊन कानात काहीतरी कुजबुजलं आणि त्याचं पुढचं सगळं विस्कटलं, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर बजावून ठेवलं होतं, "मी मेलो तरी मला नंतर सांगायचं." लोक तेव्हाही हसले होते.

टाळ्या संपल्या, लोक उठले, आणि काटा पुढे आला.

"सर, वहिनींचा फोन होता."

"निघालोच, सांग."

"सर, दादा गेले."

"कुठे गेला?" धाकटा म्हणाला. खरोखरच म्हणाला, विनोद करायला नाही.

काट्याने सांगितलं की फोन सुरुवातीलाच आला होता, पहिला "सरळ रेघ" झाला त्याच्या थोडा नंतर. "तुमचाच नियम होता सर. मी काय करणार होतो?" असं म्हणून तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, मुलं लग्नाला आलेली, बाहीने नाक पुसत उभा. धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला स्वतःला काहीच वाटत नव्हतं. कामगार चंद्र उतरवत होते.

आणि मग त्याला अकरा वाजता काय होणार ते आठवलं.

वहिनी टीव्ही लावणार. काही झालं तरी लावणार. वीसेक वर्षांत त्या घरात अकराला टीव्ही लागला नाही असं झालं नव्हतं. परगावी गेली तर जिथे उतरेल तिथे लावायची. आणि त्या टीव्हीवर, नवरा गेला त्याच रात्री, तिचा धाकटा हसत हसत सांगणार, आत्ताच दादाला भेटून आलो. तो आला नाही हे तिला माहीत होतं. आणि मग ती रेघ.

माणसाने अशा वेळी काय करावं? दवाखान्याकडे धावत सुटावं. धाकटा धावला तो संकलनाच्या खोलीकडे.

संकलन करणाऱ्या बाई खुर्चीत मांडी घालून बसत, पुढे दोन पडदे. त्यांना बातमी कळली होती. त्या उठून उभ्या राहिल्या.

"बाई, ते दवाखान्याचं काढा. सगळं काढा."

बाईंनी काढून बघितलं. सुरुवातीचं काढलं, तर पुढे लोक "सरळ रेघ" म्हणून का ओरडतायत ते कळेना. ते काढलं, तर नटी हसायला लागायची आणि हसणं कुठून आलं त्याचा पत्ता नाही. नटीला काढलं, तर उरलं काय? "जागे आहात का" आणि "शुभरात्री". त्याने विनोद असा काही विणला होता की एक धागा ओढला तर अख्खं सुटत होतं. कधीकाळी हीच करामत तो नव्या पोरांना शिकवायचा.

"नाही होत हो," बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा राखीवमधला एखादा लावू या."

आजारपणात, अडीअडचणीला लावायला म्हणून काही भाग बाजूला काढून ठेवलेले असत. चॅनेलच्या साहेबांना फोन झाला. ते म्हणाले, दुःखद आहे, जुना लावा, खाली श्रद्धांजलीची पट्टी लावू का? धाकटा म्हणाला, पट्टी नको.

"मात्र ज्यात दादा नाही असा काढा," त्याने बाईंना सांगितलं.

बाई शोधायला लागल्या. एक भाग लावून पुढे पळवत नेला, दादा. दुसरा, दादा. "हा बघू, यात तुम्ही परदेशच्या दौऱ्याचं बोलता." परदेशच्या दौऱ्यात दादाने विमानतळावर वजनकाट्यावर स्वतःचं वजन फुकटात करून घेतलं होतं. दादा कधी विमानात बसला नव्हता. बाई शोधत राहिल्या, धाकटा त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि समोर तो स्वतः भराभर पळत होता, निळ्या कोटात, करड्या कोटात, बारीक, जाड, केस काळे, मग आणखी काळे. प्रत्येक भागात कुठे ना कुठे तो थांबायचा, एक भुवई वर करायचा, आणि बाईंना न ऐकताच कळायचं. बाहेर अंधारून आलं. काटा दोनदा येऊन म्हणाला, "सर, दवाखान्यात जायचंय ना?" आणि धाकटा दोनदा म्हणाला, "हो, हे झालं की."

"नाही सापडत," बाई शेवटी म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. "एकही नाही. हा एक आहे, वर्धापनदिनाचा. यात एकदाच येतात ते. बुटांचा आहे, जुनाच. सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यात तसं लागण्यासारखं काही नाही."

बुटांचा. धाकट्याला सुटल्यासारखं झालं. बुटांचा तर लोकांचा लाडका. शिवाय नाही म्हटलं तरी दादाने बूट दिले एवढं त्यात खरं होतं. "लावा," तो म्हणाला.

दवाखान्यात पोचला तेव्हा उशीर झाला होता. रखवालदाराने त्याला ओळखलं आणि सवयीने हसला, मग सांगितलं की दादाला ठेवलंय ती खालची खोली आता सकाळीच उघडेल. सोबत कोणी नव्हतं, नातेवाईक मघाच गेले. धाकट्याने त्या बंद दाराला हात लावून बघितला. दार गार होतं. मग तो दादाच्या घरी गेला.

दार पुतणीने उघडलं. तिचे डोळे सुजले होते.

"कुठे होतात?"

"येतच होतो," तो म्हणाला.

"सहा तास?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दोन खोल्यांचं तेच जुनं घर. शेजारपाजारचे येऊन गेले होते, खुर्च्या अजून भिंतीला लावलेल्या होत्या. धाकट्याने बूट दाराशी काढले. दादाच्या आरामखुर्चीच्या हातावर त्याचा चष्मा ठेवलेला होता, काड्या नीट मिटून. वहिनी शेजारच्या वेताच्या मोड्यावर बसली होती. धाकटा तिच्या पायाशी जमिनीवर बसला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं, ढसाढसा, तोंड वेडंवाकडं करून. वहिनीने त्याच्या रंगवलेल्या केसांतून हात फिरवला. "उगी," ती म्हणाली. "उगी रे. दमलास. खाल्लंस का काही?" त्या शब्दांनी तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकराच्या सुमाराला तिने रिमोट उचलला.

"आज राहू दे ना, वहिनी."

"असू दे. त्यांची वेळ झाली."

टीव्ही लागला. चंद्र दिसला, टाय सैल करणारा धाकटा दिसला. आवाज मात्र नव्हता. धाकट्याला वाटलं, चुकून बंद झाला असेल. पडद्यावर त्याचे ओठ हलले.

"जागा आहे रे, बोल," वहिनी म्हणाली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "ते म्हणायचे असं. रोज. एवढं एक त्यांना तुझ्या ओठांवरून कळायचं. मग बसायचे बघत."

"आवाज?"

"आवाज कधीच नसायचा. अगदी पहिलं वर्षभर होता, तेवढाच." ती सहज सांगत होती. आज तिच्यात राग धरायचीही ताकद नव्हती. "खुशाल दिसतोय ना, एवढं कळलं की झालं, म्हणायचे. पण शेवटपर्यंत बसायचे हं. मी म्हणायची, डोळे मिटतायत, बंद करा आता. तर म्हणायचे, तो तिकडे बोलतोय, अर्ध्यातून कसं उठायचं? त्याला वाईट नाही का वाटणार?"

स्वयंपाकघराच्या दारात पुतणी उभी होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, काकाकडे बघत होती.

पडद्यावरचा धाकटा हातवारे करत होता. समोरची माणसं तोंडं उघडून, माना मागे टाकून हलत होती, आणि आवाज नसल्यामुळे ती हसतायत की ओरडतायत ते कळत नव्हतं. धाकट्याने स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. रंग लावलेला एक म्हातारा डोळे मोठे करून काहीतरी मागत होता. मग त्या म्हाताऱ्याने वाकून पायातला बूट काढला, दिव्यापुढे धरला, आणि एक डोळा मिटला.

"हे," वहिनी म्हणाली. "हे लागलं होतं ना, त्या दिवशी त्यांनी आवाज बंद केला."

"काही बोलला होता?" धाकट्याने विचारलं.

"ते कशाला बोलतायत? उठले, आवाज बंद केला, येऊन बसले. झोपताना मला म्हणाले, मोठे होते गं बूट त्याला, चालताना पडेल म्हणून मी रस्ताभर मागून गेलो होतो. पडला नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "बस. पुन्हा विषय काढला नाही."

हे धाकट्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तो कागद कोंबलेल्या बुटांत ताठ मानेने चालत गेला होता आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. त्याला ओरडावंसं वाटलं, दादा, चुकलो. ओरडून ऐकायला आता कोण होतं?

पडद्यावर बूट फिरतच होता. वहिनी बारीक डोळे करून बघायला लागली.

"हा जुना आहे," ती म्हणाली. "कोट आधीचा आहे तुझा. आजचा का नाही लावला?"

"असाच."

"आज रेकॉर्डिंग झालं ना? तू म्हणालास, झालं की येतो. दुपारी हे विचारत होते, आज कोणता कोट घातला असेल म्हणून." ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता, नुसता प्रश्न होता. "काय बोललास आज?"

काहीही सांगता आलं असतं. वीसेक वर्षं काहीही सांगण्याचाच पगार घेतला होता. राजकारणावर बोललो, पावसावर बोललो, एक नटी आली होती. दारात पुतणी हलली नव्हती.

"बोललो की दादाला भेटून आलो," तो म्हणाला. "आत्ताच. म्हणालो, मस्त आहे. मला बघून उठून बसला." आणि ती विचारायच्या आधीच त्याने उरलेलंही सांगितलं, मशीन, रेघ, वीज, सगळं, एका सुरात, खाली मान घालून. आयुष्यात पहिल्यांदा तो विनोद न थांबता, भुवई न उचलता, सपाट आवाजात सांगत होता.

वहिनीने दादाच्या खुर्चीवरचा चष्मा उचलला, पदराने त्याच्या काचा पुसल्या आणि परत होता तिथे ठेवला.

पडद्यावर धाकटा बूट पायात घालत होता. अजून अर्धा कार्यक्रम बाकी होता, पाहुणे यायचे होते, लोक उभे राहून टाळ्या वाजवणार होते. वहिनीने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.